सेव्हर्नड्रुग कॅसल: लंडनच्या टेकडीवरचा सुवर्णदुर्ग

लंडनच्या आग्नेय भागात, ग्रिनिचच्या हद्दीत, शूटर्स हिल नावाची टेकडी आहे आणि तिच्या माथ्यावरच्या जुन्या रानात ६३ फूट उंचीचा विटांचा एक त्रिकोणी मनोरा उभा आहे. पाटीवर त्याचे नाव सेव्हर्नड्रुग कॅसल असे लिहिलेले आहे. इंग्रज माणसाला हे नाव सेव्हर्न नदीवरून आले असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते इंग्रजी जिभेवर घोळून बदललेले आपल्या सुवर्णदुर्गाचे नाव आहे, दापोली तालुक्यात हर्णै बंदरासमोर समुद्रात उभ्या असलेल्या सुवर्णदुर्गाचे. माझे आजोळ हर्णैचे. उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या त्या तटाकडे पाहत गेल्या, आणि तरीही लंडनमध्ये अकरा वर्षे राहून मला या मनोऱ्याचा पत्ता नव्हता. कळल्यापासून मी चार वेळा तिथे जाऊन आलो आहे. मराठी पाहुण्याला लंडन दाखवताना अर्धा दिवस या जागेसाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी ज्या माणसासाठी हा मनोरा बांधला त्याच्या कारकिर्दीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण ती माहिती सोबत नेली नाही तर हा मनोरा केवळ एक सुबक जुनी इमारत वाटेल.

हे स्मारक कमोडोर सर विल्यम जेम्स यांचे आहे. त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नी लेडी अ‍ॅन जेम्स यांनी ते उभारले. आराखडा रिचर्ड जप यांचा, जे ईस्ट इंडिया कंपनीचेच वास्तुविशारद होते. पायाभरणीसाठी २ एप्रिल १७८४ हा दिवस ठरला, कारण २ एप्रिल १७५५ हा सुवर्णदुर्गावरच्या विजयाचा दिवस मानला जात होता. तीन बाजू, प्रत्येक कोपऱ्यावर षट्कोनी बुरूज आणि टोकदार कमानींच्या खिडक्या असे मनोऱ्याचे रूप आहे. ते कोकणातल्या दुर्गासारखे मुळीच नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये जुन्या गॉथिक धाटणीच्या वास्तूंची जी आवड पसरली होती, तिच्यातून ते आले आहे. सुरुवातीच्या काळात आतल्या दालनांत कमोडोरांनी पूर्वेकडून आणलेली शस्त्रे मांडलेली होती, असा उल्लेख जुन्या वर्णनांत सापडतो.

विल्यम जेम्स मूळचे वेल्समधल्या पेम्ब्रोकशरचे, जन्म १७२१ च्या सुमारास, घर साधे. लहानपणीच समुद्रावर गेलेला हा मुलगा १७४७ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमारात दाखल झाला. हे आरमार म्हणजे इंग्लंडच्या राजाचे नौदल नव्हे. कंपनीने स्वतःच्या व्यापाराच्या रक्षणासाठी पोसलेले, ‘बॉम्बे मरीन’ या नावाने ओळखले जाणारे ते वेगळे दल होते, आणि मानमरातबात राजाच्या अधिकाऱ्यांच्या एक पायरी खाली धरले जाई. जेम्स यांच्या सगळ्या धडपडीमागे हे पायरीचे अंतर होते, असे मला त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना सारखे जाणवते. ‘गार्डियन’ या जहाजावरून त्यांनी व्यापारी गलबतांच्या ताफ्यांना संरक्षण देण्याचे काम केले. मुंबईहून दक्षिणेकडे जाणारे हे ताफे मराठी आरमाराची धुरा सांभाळणाऱ्या आंग्रे घराण्याच्या समुद्रातून जात, आणि आंग्र्यांचा नियम सरळ होता: आमचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्या, मग खुशाल जा. कंपनीला ते दस्तक मान्य नव्हते. म्हणून तिच्या कागदांत आंग्रे ‘चाचे’ ठरले, आणि आपल्या इतिहासात ते सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख, आहेत. १७५१ मध्ये, वयाच्या तिशीतच, जेम्स कंपनीच्या संपूर्ण आरमाराचे प्रमुख झाले. ४४ तोफांचे ‘प्रोटेक्टर’ हे त्यांचे मुख्य जहाज होते.

मनोऱ्याच्या दर्शनी भिंतीवर दगडी शिलालेख आहे, आणि माझ्या दृष्टीने या जागेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. तिकीट घेण्याआधी तिथे दहा मिनिटे उभे राहून तो सावकाश वाचावा. दिवंगत सर विल्यम जेम्स यांच्या वारसाने ही वास्तू १७८४ मध्ये उभारली. कंपनीच्या आरमाराचे प्रमुख असताना त्या शूर अधिकाऱ्याने पूर्वेकडे केलेल्या पराक्रमाची, आणि विशेषतः मलबार किनाऱ्यावरचा सेव्हर्नड्रुगचा किल्ला त्याच्या श्रेष्ठ शौर्याने व कुशल नेतृत्वाने २ एप्रिल १७५५ रोजी पडला या घटनेची ही नोंद, असा त्याचा आशय आहे. गेल्या मे महिन्यात आई इथे आली होती, तेव्हा मी तिला तो ओळीओळीने मराठीत सांगितला. ‘मलबार’ या शब्दाशी तिने मला थांबवले. “मलबार कुठला? हर्णै मलबारात कधी गेलं?” त्या काळचे इंग्रज पश्चिम किनाऱ्याचा बराच भाग सरसकट मलबार म्हणत, हे मी तिला समजावले. ती पुन्हा दगडाकडे पाहत राहिली आणि तिने विचारले, “आणि आंग्र्यांचं नाव नाही कुठे?” नाही. तेव्हा सुवर्णदुर्ग ज्यांच्या ताब्यात होता त्या तुळाजी आंग्र्यांचे दगडावर नाव नाही आणि पेशव्यांचेही नाही.

ती दोन नावे नसल्यामुळे काय निसटते, हे मराठी वाचकाला माहीत असायला हवे. सुवर्णदुर्गावरची मोहीम एकट्या इंग्रजांची नव्हती. नानासाहेब पेशवे आणि तुळाजी यांचे वितुष्ट टोकाला गेले होते, आणि तुळाजींना आवरण्यासाठी पेशव्यांनी १७५५ च्या आरंभी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. जिंकलेले किल्ले पेशव्यांना मिळायचे, इंग्रजांना बाणकोट मिळायचा, असा तो व्यवहार होता. पेशव्यांकडून कोकणचे सुभेदार रामाजी महादेव यांची फौज आणि गुराबा-गलबतांचे आरमार निघाले. जेम्स २२ मार्चला ‘प्रोटेक्टर’ आणि काही लहान जहाजे घेऊन मुंबईहून निघाले. मुंबईच्या कौन्सिलने त्यांना नाकेबंदीपुरतीच परवानगी दिली होती. आंग्र्यांच्या किल्ल्यांवर तोफा डागून कंपनीची महाग जहाजे धोक्यात घालू नयेत, असे बजावले होते. तुळाजींचे आरमार सुवर्णदुर्गाखालून सटकले, जेम्स यांनी त्याचा जयगडापर्यंत पाठलाग केला, ते हाती लागले नाही, आणि मग परत फिरून त्यांनी हुकुमाची चौकट ओलांडली व किल्ल्यावरच हल्ला चढवला.

सुवर्णदुर्ग ज्यांनी मचव्यातून पाहिला आहे त्यांना पुढचा तपशील लगेच समजेल. पश्चिमेकडून, म्हणजे खुल्या समुद्राच्या बाजूने, तट आणि खडक कुठे जोडले आहेत हेच कळत नाही. कातळ तासून त्यावर मोठमोठे चिरे बसवले आहेत. जेम्स यांनी आधी याच बाजूने मारा केला आणि त्या भिंतीला खिंडार पडण्यासारखे नाही हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी जहाजे किल्ला आणि हर्णैचा किनारा यांच्या मधल्या अरुंद पाण्यात, पूर्वेकडच्या दरवाजाच्या बाजूला आणली. हा निर्णय धाडसाचा होता, कारण त्या पाण्यात एका बाजूला किल्ल्याच्या तोफा आणि दुसऱ्या बाजूला किनाऱ्यावरच्या कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा या किल्ल्यांच्या तोफा होत्या, आणि जहाज गाळात रुतले असते तर सुटका नव्हती. एका गोळ्याने किल्ल्यातल्या छपरांना आग लागली, बंदुकांच्या माऱ्यामुळे ती विझवता आली नाही आणि ती दारूकोठारापर्यंत पोचून स्फोट झाला. माणसे किल्ला सोडून निघाली, आणि जेम्स यांचे खलाशी कुऱ्हाडींनी दार फोडून आत शिरले. खलाशी म्हणून, जहाजे हाताळणारा माणूस म्हणून, हे काम पहिल्या प्रतीचे होते यात शंका नाही. त्याला ‘श्रेष्ठ शौर्य’ म्हणायलाही माझी हरकत नाही. पण किनाऱ्यावरून रामाजी महादेवांच्या फौजेचा दाब नसता, आणि तुळाजींच्या पाठीशी पुण्याची ताकद उभी असती, तर त्या अरुंद पाण्यात शिरण्याची हिंमत कोणी केली असती का, हा प्रश्न शिलालेखासमोर उभे राहून मला दर वेळी पडतो. करारानुसार सुवर्णदुर्ग पेशव्यांच्या ताब्यात गेला. लंडनच्या मनोऱ्यात ज्याचा विजय कोरला आहे, तो किल्ला त्या विजयानंतर मराठ्यांचाच राहिला.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तुळाजींचे वडील कान्होजी आंग्रे यांची कारकीर्दही याच सुवर्णदुर्गावरून वर आली. सतराव्या शतकाच्या अखेरीस या किल्ल्यावर उमेदवारी करणारा तरुण पुढे मराठ्यांच्या आरमाराचा सरखेल झाला आणि १७२९ मध्ये मृत्यू येईपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या कोणालाही त्याने जुमानले नाही. एकाच बेटाने दोन दर्यावर्दींचे भाग्य घडवले. एकाची समाधी अलिबागला आहे, आणि दुसऱ्याचा मनोरा इथे.

पुढच्या वर्षी विजयदुर्गाची पाळी आली, ज्याला इंग्रज घेरिया म्हणत. मोहिमेआधी, डिसेंबर १७५५ मध्ये, जेम्स यांनीच तिथे जाऊन पाण्याची खोली मोजली आणि मोठी जहाजे किल्ल्याच्या जवळ जाऊ शकतात, लोक सांगतात तितका तो अजिंक्य नाही, असा अहवाल मुंबईला दिला. इतका उपयुक्त अहवाल त्या सगळ्या मोहिमेत दुसरा झाला नसेल. फेब्रुवारी १७५६ मध्ये प्रत्यक्ष हल्ल्याचे नेतृत्व मात्र राजाच्या नौदलाचे अ‍ॅडमिरल चार्ल्स वॉटसन यांच्याकडे होते, जमिनीवरच्या फौजेचे रॉबर्ट क्लाइव्हकडे, आणि जेम्स त्यांच्या हाताखाली होते. खाडीत एकमेकांना बांधून ठेवलेल्या आंग्र्यांच्या आरमाराला आग लागली आणि ते जळून गेले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुतारांनी, नाखव्यांनी आणि भंडारी-कोळी खलाशांनी उभे केलेले ते आरमार होते. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेले आणि कैदेतच वारले. इंग्रजांनी विजयदुर्ग सोडायला टाळाटाळ केली. ऑक्टोबर १७५६ च्या तहात बाणकोट आणि दहा गावे पदरात पडल्यावर तो पेशव्यांना मिळाला. मराठी सत्तेने स्वतःच्या आरमाराचा कणा परक्याच्या हाताने मोडून घेतला, हे लिहितानाही मनाला लागते.

बंगालचा प्रवास थोडक्यात सांगतो, जरी दर्यावर्दी म्हणून जेम्स यांची खरी कसोटी तिथेच लागली असे मला वाटते. फ्रान्सशी युद्ध सुरू झाल्याची बातमी आणि मुंबईहून कुमक घेऊन त्यांना वॉटसन व क्लाइव्ह यांच्याकडे बंगालमध्ये पोचायचे होते, आणि ईशान्य मोसमी वारे समोरून वाहत होते. त्या ऋतूत बंगालच्या उपसागरात वर चढता येत नाही असाच समज होता. जेम्स यांनी दक्षिणेकडे मोठा वळसा घालून, पूर्वेला सुमात्राच्या बाजूने वर येऊन, तो प्रवास करून दाखवला. मार्च १७५७ मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांचे चंदननगर घेतले.

१७५९ मध्ये ते इंग्लंडला परतले, ते पैसा आणि नाव दोन्ही घेऊन. पुढे १७६८ मध्ये कंपनीचे संचालक, १७७४ मध्ये कॉर्नवॉलमधल्या वेस्ट लू मतदारसंघाचे खासदार, १७७८ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब, आणि पुढच्याच वर्षी कंपनीचे अध्यक्ष. मनोऱ्याच्या जवळच एल्थम इथे त्यांची मोठी जागा होती. डिसेंबर १७८३ मध्ये ते वारले. पेम्ब्रोकशरमधल्या साध्या घरातून लीडनहॉल स्ट्रीटवरच्या कंपनीच्या अध्यक्षपदापर्यंतचा हा प्रवास हर्णैच्या पाण्यातल्या त्या एका निर्णयावर उभा आहे, आणि हे त्यांच्या पत्नीला पुरते माहीत असावे. नाहीतर विजयदुर्ग, चंदननगर, संसद, अध्यक्षपद एवढे सगळे असताना त्यांनी मनोऱ्याला सुवर्णदुर्गाचे नाव दिले नसते.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. मनोरा १९८८ मध्ये बंद झाला होता आणि खिडक्यांना फळ्या ठोकून पडून होता. ती वास्तू खासगी कार्यालयासाठी जाण्याची चिन्हे दिसल्यावर स्थानिक लोकांनी २००२ मध्ये न्यास स्थापन केला, निधी जमवला आणि २०१४ मध्ये तो दुरुस्त करून सर्वांसाठी खुला केला. आजही कारभार मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालतो, आणि तो आपलेपणा आत शिरताच जाणवतो. पहिल्या भेटीत तिकिटाच्या टेबलाशी बसलेल्या वयस्कर बाईंना मी सांगितले की माझे आजोळ खऱ्या किल्ल्याच्या समोर आहे. त्या उठून उभ्या राहिल्या. नावाचा खरा उच्चार काय, असे त्यांनी विचारले, आणि मी सांगत असताना एका पाकिटाच्या मागे पेन्सिलीने तोडून तोडून लिहून घेतला. ‘र्ण’ त्यांच्या जिभेवर येईना, तर पाच-सहा वेळा म्हणून पाहिला. मग अर्थ विचारला. ‘सोन्याचा किल्ला’ हे ऐकून त्यांनी तेही त्याच पाकिटावर लिहिले. किल्ल्याच्या दरवाजात पायरीवर कासव आणि बाजूच्या भिंतीवर मारुती कोरलेला आहे, हे मी सांगितले, आणि मोबाइलवरचा फोटो त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला.

गच्चीपर्यंत ८६ पायऱ्या आहेत. जिना गोल आणि अरुंद आहे, उद्वाहक नाही. गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी खाली चहा घेत बसणे बरे. आई अडुसष्ट वर्षांची आहे. ती मध्ये दोनदा थांबून, पायऱ्या मोजत, वर गेली आणि तिची मोजणी ८६ वरच संपली. टेकडीच लंडनमधल्या सर्वांत उंच जागांपैकी एक असल्यामुळे वरून चौफेर दिसते: वायव्येला कॅनरी व्हार्फचे मनोरे आणि शहराचा मध्यभाग, उत्तरेला थेम्सचे रुंद होत जाणारे पात्र, दक्षिणेला केंटची हिरवी जमीन. ही उंची शास्त्राच्याही कामी आली आहे. १७८० च्या दशकात ग्रिनिच आणि पॅरिस इथल्या वेधशाळा त्रिकोणमापनाने जोडण्याचे जे सर्वेक्षण जनरल विल्यम रॉय यांनी केले, त्यात या मनोऱ्याचा उपयोग झाला, आणि १८४८ मध्ये लंडनच्या नकाशासाठी लष्करी अभियंत्यांनीही तो वापरला. आईचे लक्ष मात्र नदीकडे होते. जहाजे याच पाण्यातून मुंबईला निघायची का, असे तिने विचारले, आणि मी हो म्हटल्यावर ती बराच वेळ पूर्वेकडे, जिथे थेम्स समुद्राकडे वळते तिकडे, पाहत उभी राहिली.

तळमजल्यावरच्या चहाच्या दालनात चहा आणि घरगुती पद्धतीचा केक मिळतो. तिकीट माफक आहे. मनोरा रोज उघडा नसतो, मुख्यतः रविवारी उघडतो आणि ऋतूप्रमाणे वेळा बदलतात, त्यामुळे निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्यावी. ८९ आणि ४८६ क्रमांकाच्या बसगाड्या शूटर्स हिलच्या रस्त्याने जातात. उतरल्यावर रानातून थोडे चालावे लागते, पावसानंतर वाट चिखलाची होते, म्हणून बूट साजेसे हवेत. मनोऱ्याच्या खालच्या उतारावर गुलाबांची बाग आहे, तिथे बसायला बाके आहेत. लहान मुले असतील तर शेजारच्या ऑक्सलीज वुडमधल्या मोठ्या उतरणीच्या कुरणावर ती हवी तेवढी धावू शकतात.

पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण केवळ जिन्यासाठी राखून ठेवला आहे, कारण घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसांना वर नेता येत नाही. जाण्याआधी मुलांना कान्होजी, तुळाजी आणि रामाजी महादेव ही तीन नावे जरूर सांगून ठेवावीत, आणि शक्यतो नोव्हेंबर ते मार्च या दरम्यान जावे. तेव्हा ओकची पाने गळलेली असतात आणि रस्त्यावरून वर चढतानाच मनोऱ्याचे टोक फांद्यांतून दिसू लागते.